गाडीला मोठे अलॉय टाकायचेत? पिकअप, अ‍ॅव्हरेज, ब्रेक, सगळ्यावर काय फरक पडतो ते आधी बघा

खालचं व्हेरिएंट घेतलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय खटकत असेल तर चाकं. इंजिन तेच, बॉडी तीच, पण वरच्या मॉडेलला चकचकीत अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, आणि आपल्याला लोखंडी डिस्कवर प्लास्टिकची व्हील कॅप. मग दुकानात चौकशी सुरू होते, कुर्ल्याचा सीएसटी रोड असो नाहीतर पुण्याची नाना पेठ, आणि दुकानदार म्हणतो सोळा इंची कशाला, सतरा घ्या की, बिनधास्त बसतात. बसतात हे खरं आहे, नट आवळले की चाक फिरतं, पण त्यानंतर पिकअप, अ‍ॅव्हरेज, ब्रेक, स्टिअरिंग, स्पीडोमीटर आणि खड्ड्यातला धक्का हे सगळं थोडं थोडं बदलतं, आणि ते कुठल्या बाजूला किती बदलणार हे पैसे द्यायच्या आधी घरी बसून कागदावर काढता येतं. तेच कसं काढायचं ते इथे सांगतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चाकाचा एकूण व्यास कंपनीइतका ठेवा, आणि रिम (टायर ज्यावर चढतो तो धातूचा भाग) अधिक टायर मिळून वजन कंपनीइतकं किंवा कमी ठेवा. एवढं सांभाळलं तर १ इंच वाढवायला माझी हरकत नाही. २ इंच आपल्या रस्त्यांवर नकोच.

पहिलं काम: टायरवरचा नंबर वाचायला शिका

उदाहरणाला स्विफ्ट घेतो कारण प्रत्येक गल्लीत एक तरी आहे. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ येतो आणि वरच्या झेडएक्सआय व्हेरिएंटला १८५/६५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरची भिंत, म्हणजे साइडवॉल, रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचात.

आता हिशोब. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी साइडवॉल, ती वर एक खाली एक म्हणून २६४, आणि १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी. बेरीज ६१९.६ मिमी. तसंच १८५/६५ आर १५ चं केलं की ६२१.५ मिमी येतं. बघा, कंपनीने रिम १ इंच मोठी केली पण चाक मात्र २ मिमीनेही वाढू दिलं नाही, रिम वाढली तेवढी साइडवॉल कापली. मोठी रिम म्हणजे मोठं चाक असं बऱ्याच जणांना वाटतं, पण अपसाइज, म्हणजे रिम मोठी करणं, नीट केलं तर चाक तेवढंच राहतं आणि फक्त रबराच्या जागी धातू येतो. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

आता बाजारात काय काय सुचवतात ते या हिशोबात घालून बघू, झेडएक्सआयच्या ६२१.५ शी तुलना करून. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९, म्हणजे जवळजवळ सारखाच, उत्तम. २०५/५५ आर १६ चा ६३१.९, पावणेदोन टक्के जास्त, चालवून घेता येईल पण गरज नाही. १९५/६० आर १६ चा ६४०.४, म्हणजे ३ टक्के जास्त, हा नको. २०५/४५ आर १७ चा ६१६.३, व्यास बरोबर आहे पण साइडवॉल फक्त ९२ मिमी उरली, त्यावर पुढे बोलू. फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा, आणि तोही शक्यतो एकच्या आत.

व्यास वाढला तर नेमकं काय होतं

चाक उंच झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे सगळेच गिअर लांब झाल्यासारखे होतात. ३ टक्के उंच चाक म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये रस्त्यावर पोचणारा जोर साधारण ३ टक्के कमी. हायवेला पाचव्यात आरपीएम जरा खाली येतो, ३००० वर चालणारं इंजिन २९०० च्या आसपास, ते काही जणांना आवडतं. पण हीच गाडी चार माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू ठेवून खंबाटकी किंवा आंबोली चढायला लागली की लहान इंजिनवाल्याला लगेच कळतं, जिथे तिसऱ्यावर निभायचं तिथे दुसरा टाकावा लागतो आणि ट्रॅफिकमध्ये चढावर गाडी उचलताना हाफ क्लच जास्त वेळ धरावा लागतो.

दुसरं स्पीडोमीटर. मीटरला चाक किती उंच आहे ते कळत नाही, ते फेरे मोजतं. चाक ३ टक्के उंच असेल तर आधीपेक्षा त्याच आकड्याला गाडी ३ टक्के जास्त पळतेय. कंपनीचं मीटर मुळात थोडं जास्तच दाखवतं म्हणून लगेच बोंब होत नाही, पण जी ढील होती ती तुम्ही खाऊन टाकली. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर सपाटीला १००, आणि कॅमेरा तुमच्या डॅशबोर्डचा आकडा बघत नाही, खरा वेग बघतो.

तिसरं ओडोमीटर, आणि इथे अ‍ॅव्हरेजचा हिशोब सगळे चुकवतात. चाक उंच झालं की मीटर किलोमीटर कमी मोजतं. समजा मीटरवर ५०० किमी दिसले आणि २७ लिटर पेट्रोल गेलं, तुम्ही म्हणणार साडेअठराचं अ‍ॅव्हरेज, मोठ्या चाकाने वाट लावली. पण ३ टक्के उंच चाकाने गाडी प्रत्यक्षात ५१५ किमी चाललीय, म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज १९ च्या थोडं वर. आधी मीटरची दुरुस्ती करा मग शिव्या घाला.

ब्रेकचंही तसंच. ब्रेकची डिस्क आणि तिला दाबून धरणारा कॅलिपर तेच आहेत, चाक उंच झालं की तोच ब्रेक तेवढ्याच दाबाला रस्त्यावर थोडा कमी पकडतो, पेडल जरा जास्त दाबावं लागतं.

वजन: ह्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही

अलॉय म्हणजे हलकं, ही समजूत डोक्यातून काढा. त्याच साइजची अलॉय लोखंडी डिस्कपेक्षा हलकी असू शकते, पण १४ ची लोखंडी काढून १६ ची साधी कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली, अलॉय टाकली तर ती अनेकदा जुन्यापेक्षा जड भरते, वर टायरही रुंद, त्याचं वजन वेगळं.

आणि चाकातलं वजन डिकीतल्या वजनासारखं नसतं. डिकीतली बॅग गाडीबरोबर फक्त पुढे जाते, चाकाचं वजन पुढेही जातं आणि फिरतंही. दळायचं जड जातं फिरवायला सुरुवातीला जसा जोर लागतो आणि एकदा फिरलं की थांबवायलाही लागतो तसंच हे. वजन मध्यापासून जितकं लांब तितका हा परिणाम जास्त, आणि मोठ्या रिममध्ये नेमका धातूचा कडा बाहेर सरकतो. अगदी कडेला असलेलं १ किलो वेग घेताना जवळजवळ २ किलोसारखं वागतं. म्हणजे प्रत्येक चाक ४ किलोने जड झालं तर चार चाकांचे १६ किलो, आणि पिकअपच्या दृष्टीने ते जास्तीत जास्त ३२ किलोपर्यंत जाणवू शकतात. एकदा वेग धरून हायवेला निघालात की हा भाग फार त्रास देत नाही, पण शहरात सिग्नल ते सिग्नल चालवणाऱ्याला प्रत्येक वेळी ही किंमत मोजावी लागते, पेट्रोलमध्ये आणि ब्रेक पॅडमध्ये दोन्हीकडे.

अमेरिकेतल्या कार अँड ड्रायव्हर मासिकाने २०१० साली एकाच फोक्सवॅगन गोल्फवर १५ ते १९ इंची चाकं लावून मोजमाप केलं होतं, तिथे १५ वरून १९ वर जाताना अ‍ॅव्हरेज १० टक्के आणि पिकअप ४ टक्के उतरला. लक्षात घ्या, चाकाचा एकूण व्यास त्यांनी जवळपास सारखाच ठेवला होता. म्हणजे हा सगळा फटका वजन आणि रुंदीचा. आपण १ इंच वाढवणार तर एवढं होणार नाही, पण दिशा तीच. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी तर जास्त जपा, तिथे हाच फरक थेट रेंजमध्ये दिसतो.

आणखी एक. चाक, टायर, ब्रेक हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते स्प्रिंगवर तरंगत नाही. ते वाढलं की खड्ड्यातून वर उडालेलं चाक परत रस्त्यावर टेकवायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं, खराब रस्त्यावर गाडी दणदणते आणि लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग यांच्यावर जास्तीचा मार बसतो.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिली मागणी ही करा की वजनकाटा आणा. जुनं चाक टायरसकट ठेवा, नवीन रिम आणि नवीन टायर एकत्र ठेवा, आकडा लिहून घ्या. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. बजेट असेल तर फ्लो फॉर्म्ड, म्हणजे ओतल्यावर कडा दाबून लाटलेली, रिम बघा, ती कास्टपेक्षा हलकी आणि चिवट असते. फोर्ज्ड, म्हणजे प्रचंड दाबाने घडवलेली, सगळ्यात भारी, पण किंमत ऐकून बहुतेक जण मागे फिरतात.

साइडवॉल आणि आपले खड्डे

एका ओळीत आकडे बघा. १४ ला १३२ मिमी, १५ ला १२०, १६ ला १०७, १७ ला ९२. रस्ता आणि तुमची रिम यांच्यामध्ये एवढंच रबर आणि हवा आहे. साइडवॉल कमी झाली की मुंबई-गोवा हायवेच्या उखडलेल्या पट्ट्यात पावसाचं पाणी भरलेल्या खड्ड्यात चाक आपटल्यावर टायर पूर्ण दाबला जाऊन रिमच्या कडेला चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि साइडवॉलला फुगा येतो. फुगा आलेला टायर पंक्चरवाल्याकडे नेऊन काही होत नाही, तो टाकून द्यायचा, चालवायचा नाही, त्या जागी टायर कधीही फुटू शकतो. रिम वाकली तर लोक ठोकून सरळ करून घेतात, पण अलॉयला तडा असेल तर वेल्डिंग करून परत वापरणं मला पटत नाही. लोखंडी डिस्कचं हेच सुख आहे, वाकली तरी तुटत नाही आणि कोपऱ्यावरचा माणूस हातोड्याने ठीक करतो.

म्हणून ज्यांचं रोजचं जाणं गावाकडच्या रस्त्याने किंवा ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरने उखडलेल्या रस्त्याने आहे त्यांना मी १५ च्या वर जा असं सांगणार नाही. पुण्या-मुंबईत ऑफिसला जाणाऱ्याने, मूळ चाकं १५ ची असतील तर, १६ पर्यंत जावं.

फायदा काहीच नाही असं नाही हं. साइडवॉल आखूड झाली की ती वळणावर कमी वाकते, स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच ऐकते, लेन बदलताना जो डुलल्यासारखा भाग असतो तो कमी होतो. १६५ वरून १८५ किंवा १९५ वर गेल्यावर कोरड्या रस्त्यावरची पकड खरंच चांगली वाटते, घाटातल्या वळणांवर तर मजा येते. मला स्वतःला हा फरक आवडतो, आणि १ इंच वाढवण्याला माझी हरकत नाही ती याचसाठी.

पण पावसात उलटं होतं. हवेचा दाब आणि गाडीचं वजन तेच असेल तर टायर रस्त्याला जेवढा टेकतो ते क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, रुंद टायरचा ठसा फक्त आडवा जास्त आणि लांबीला कमी होतो. आडव्या ठशाला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो आणि तरंगला की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही नावापुरते उरतात. कोकणात जून ते सप्टेंबर गाडी चालवणाऱ्याने रुंदीपेक्षा टायरच्या नक्षीकडे आणि ती किती खोल उरलीय तिकडे बघावं.

रिम निवडताना काय काय जुळायला पाहिजे

पीसीडी म्हणजे नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, स्विफ्टला ४ गुणिले १००. हे जुळलंच पाहिजे, ओढूनताणून बसवायचं नाही.

मधलं भोक, सेंटर बोर. स्विफ्टचं ५४.१ मिमी. बाहेरच्या रिमचं भोक मुद्दाम मोठं असतं म्हणजे बऱ्याच गाड्यांना बसावी, त्यामुळे मधली फट भरायला हब रिंग लागते. ती छोटीशी रिंग नाही लावली तर चाक बरोबर मध्यावर बसत नाही आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं, मग लोक बॅलन्सिंग चार वेळा करत बसतात.

ऑफसेट, ज्याला ईटी म्हणतात, म्हणजे रिमच्या रुंदीचा मध्य आणि गाडीच्या हबला टेकणारी बाजू यांच्यातलं मिमीमधलं अंतर, हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. समजा तुमची जुनी रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५, नवीन ७ इंच रुंद आणि ईटी ३८. रुंदी दीड इंच वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १९-१९ मिमी, आणि ऑफसेट ७ ने कमी म्हणून चाक ७ मिमी बाहेर. म्हणजे बाहेरची कड २६ मिमी बाहेर आली आणि आतली १२ मिमी आत शॉकअपकडे गेली. बाहेर आलेलं चाक दिसतं रुबाबदार पण बेअरिंगवर भार वाढतो, रस्त्यातल्या चरीत स्टिअरिंग ओढतं, आणि मागे तीन माणसं बसून स्पीडब्रेकर आला की टायर आर्चच्या, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या, कडेला घासतो. ऑफसेट जुन्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती, लावून काम भागवू म्हणणाऱ्या दुकानातून उठून या.

नट. कंपनीच्या डिस्कचे नट अलॉयला चालतीलच असं नाही, बसायची जागा निमुळती आहे की गोल ते बघून त्याच आकाराचे नट घ्या. मारुतीचा थ्रेड १.२५ चा आणि ह्युंदाईचा १.५ चा, मिसळले तर बोल्टचे आटे जातात.

रिमवर आयएसआय मार्क बघा. जेडब्ल्यूएल, व्हीआयए हे जपानी चाचण्यांचे शिक्के असतात, चांगली खूण आहे, पण स्वस्त नकलेवरही ते कोरलेले असू शकतात म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

टायरचा लोड इंडेक्स

साइजनंतर एक दोन आकडी नंबर असतो, ८५, ८८ असा, त्यावरून एक टायर किती वजन पेलतो ते कळतं. ८४ म्हणजे ५०० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. स्विफ्टच्या १५ इंचीला ८८ येतो. आता गंमत बघा, १९५/५५ आर १६ साधा घेतला तर तो ८७ असतो, रुंद असूनही जुन्यापेक्षा कमी पेलतो, आणि २०५/४५ आर १७ साधा तर ८४ वर येतो, म्हणजे खालच्या व्हेरिएंटच्या १४ इंचीपेक्षाही कमी. साइडवॉल आखूड म्हणजे आत हवा कमी, आणि वजन हवाच पेलते. अशा वेळी एक्सएल लिहिलेला, म्हणजे जास्त वजनासाठी बनवलेला, टायर घ्या, १९५/५५ आर १६ मध्ये तो ९१ चा मिळतो, ६१५ किलोचा. फक्त एक्सएल टायर त्याचं पूर्ण वजन जास्त दाबाला पेलतो, म्हणून दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा २-३ पीएसआय जास्त ठेवा. त्यापुढचं अक्षर वेगाचं, एस १८० चा, टी १९० चा, एच २१० चा, जुन्यापेक्षा खालचं घेऊ नका. आणि साइडवॉलवर चार आकडी तारीख असते, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा, दुकानात पडून राहिलेला जुना टायर स्वस्तात गळ्यात मारतात.

पैसे मोजकेच असतील तर ते रिमवर घालू नका, त्याच साइजचा चांगल्या कंपनीचा टायर घ्या. ब्रेक मारल्यावर गाडी कुठे थांबते ते रबर ठरवतं, रिमची डिझाइन नाही.

कायदा, वॉरंटी, इन्शुरन्स

थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलं, आणि कलम १८२ए प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी जी साइज देते ती घेणं. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक पोलिसांच्या नजरेत पहिलं भरतं. इन्शुरन्स कंपनीला अलॉयचं बिल ईमेल करून कळवून ठेवा, आणि वॉरंटीत असाल तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा क्लेम सर्व्हिस सेंटर याच कारणाने नाकारू शकतं हे धरून चाला.

बसवायच्या दिवशी आणि नंतर

समोर उभे राहा. नट एअर गनने कचकचून आवळू देऊ नका, शेवटचा आवळा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) आणि चांदणीसारखा, म्हणजे समोरासमोरचे नट आलटून पालटून. बॅलन्सिंग चारही चाकांचं, मग अलाइनमेंट. नंतर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून चाक लायनरला, म्हणजे आर्चच्या आतल्या प्लास्टिकला, घासतं का ते ऐका, मग घरच्या चार माणसांना बसवून एका उंच स्पीडब्रेकरवरून हळू काढा आणि मागून आवाज येतो का बघा. घासत असेल तर आर्च कापू नका, साइज चुकलीय, त्याच दिवशी परत करा.

५०-१०० किमी चालवल्यावर नट परत तपासा, नवीन अलॉयचे नट थोडे बसतात. रिकाम्या सरळ रस्त्यावर मीटर ८० ला धरून शेजारी बसलेल्याला मोबाईलच्या जीपीएसवर वेग वाचायला सांगा, तो फरक लिहून ठेवा. टायर प्रेशरचे सेन्सर असतील तर ते नवीन रिममध्ये हलवायला सांगा, आणि ज्या गाड्या फेऱ्यांवरून प्रेशर ओळखतात तिथे सिस्टिम रिसेट करा. अ‍ॅव्हरेज टाकी फुल करून पुढच्या फुल टाकीपर्यंत मोजा, एका टाकीवर निष्कर्ष काढू नका.

स्टेपनी राहिली. व्यास कंपनीइतका ठेवला असेल तर जुनी स्टेपनी चालते, फक्त ८० च्या वर पळवू नका आणि जुन्या डिस्कचे मूळ नट एका पिशवीत डिकीत ठेवा, रात्री घाटात अलॉयचे लांब नट लोखंडी डिस्कला बसले नाहीत तर तिथे कोणी मदतीला नसतं. जुनी चारही चाकं एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका, दुकानात त्याचे फार पैसे येत नाहीत, गाडी विकताना गिऱ्हाईक मूळ चाकं विचारतंच, आणि तोपर्यंत घरात जागा असेल तर हवा थोडी कमी करून, आडवी रचून, उन्हापासून लांब ठेवा.